यांत्रिक पाळीव खेळण्याचा उडालेला रंग आणि फाटलेली कातडी घरी कशी सुधारावी

यांत्रिक कुत्रा, डायनॉसोर किंवा मांजर बंद पडण्याच्या कितीतरी आधी त्याचे रूप उतरते. नाकाचा शेंडा, पावलांच्या कडा, मानेच्या घड्या आणि मुले सतत थोपटतात ती पाठ या ठिकाणचा रंग सर्वांत आधी जातो. त्यानंतर घडीच्या जागी कातडीला बारीक चीर पडते आणि ती हळूहळू वाढत जाते. बडोद्यात परदेशातून येताना कोणा मामाने किंवा आत्याने आणलेली अशी खेळणी अनेक घरांत आहेत. त्यांची यंत्रे अजून चालतात, पण त्यांची कातडी बदलून देणारे दुकान शहरात सहजासहजी सापडत नाही आणि काही खेळण्यांच्या मूळ कंपन्याही आता उरलेल्या नाहीत. 2007 मध्ये बाजारात आलेला प्लिओ हा कॅमॅरासॉरसच्या पिल्लाच्या रूपातला डायनॉसोर याचे चांगले उदाहरण आहे, कारण तो बनवणारी युगोबी ही कंपनी 2009 मध्येच बंद पडली. ज्यांच्याकडे त्या काळातला नग आहे त्यांना ही डागडुजी स्वतःच करणे भाग आहे, आणि थोडा धीर धरला तर ती नीट जमतेही.

बहुतेक लोक प्रथम रंगाच्या दुकानात जातात आणि खेळण्याशी जुळणारी छटा शोधू लागतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. छटा जुळवणे हे यातले सोपे काम आहे. तो रंग त्या कातडीवर धरतो की नाही आणि कातडी वाकली तर तोही वाकतो की नाही, हा खरा प्रश्न आहे. म्हणून कातडी कशाची आहे हे ठरल्याशिवाय एक रुपयाचाही रंग विकत घेऊ नये.

कातडी ओळखणे

नखाने टकटक केल्यावर कडक आवाज येत असेल तर ते एबीएस प्लास्टिक समजावे. सोनीच्या आयबोसारख्या कुत्र्यांचे कवच या जातीचे कडक प्लास्टिक असते आणि त्यावर काम करणे सर्वांत सोपे. मऊ कातडीचे मात्र तीन प्रकार संभवतात. नव्या रेनकोटसारखा वास येणारी, दुमडल्यावर जरा वेळ दुमडलेलीच राहणारी आणि जुनी झाल्यावर बोटाला चिकट लागणारी कातडी बहुधा मऊ व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसीची असते. रबरासारखी भरपूर ताणली जाणारी, सोडताच मूळ आकारात येणारी आणि फारसा वास नसलेली कातडी थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमरची असण्याची शक्यता असते. दुकानदार आणि कारखान्यातली माणसे त्याला नुसते टीपीई म्हणतात. तिसरा प्रकार सिलिकोनचा. तो ओळखण्याची सोपी खूण अशी, की पुसून कोरड्या केलेल्या जागेवर साधी सेलोटेप चिकटवली तर ती नीट धरत नाही, कोपरा उचलताच अलगद निघून येते.

बडोद्यात या बाबतीत एक सोय आहे. पेट्रोकेमिकल आणि प्लास्टिकच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवलेली माणसे इथे गल्लोगल्ली भेटतात, आणि शेजारचे निवृत्त काका कातडी दोन बोटांत ताणून पाहूनच ती कशाची आहे याचा बराच अचूक अंदाज सांगतात. तुकडा जाळून वास घेण्याची जुनी सवय त्यांच्यापैकी काहींना असते, तिला मात्र नम्रपणे नकार द्यावा. पीव्हीसी जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू घशाला आणि फुप्फुसांना अपायकारक असतो.

काही खेळण्यांच्या कडक कवचावर मखमलीसारख्या स्पर्शाचा एक पातळ थर दिलेला असतो आणि काही वर्षांनी तोच थर चिकट होऊ लागतो. हा थर अनेकदा पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या ओलाव्यामुळे तो विघटित होतो, म्हणून बडोद्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये ही तक्रार जास्त ऐकू येते. अशा थरावर रंग देण्यात अर्थ नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने तो पूर्ण पुसून काढावा आणि खालच्या कडक प्लास्टिकवर काम करावे.

धुणे आणि पुसणे

काम सुरू करण्यापूर्वी खेळणे बंद करून बॅटरी काढावी. बॅटरी आत असताना एखादा स्पर्श-सेन्सर दाबला गेला तर ओला रंग लावलेली मान मध्येच वळते. मान किंवा पाय हाताने जबरदस्तीने फिरवू नयेत, कारण आतले दाते प्लास्टिकचे असतात आणि ते सहज तुटतात. हवी ती अवस्था यंत्राला चालू असतानाच घेऊ द्यावी आणि मग ते बंद करावे.

कातडीवरचा मळ हा नुसता धुळीचा नसतो. आपल्याकडे मुलांच्या केसांना खोबरेल लावलेले असते आणि तेच हात खेळण्यावर फिरतात. टीपीई तेल शोषून घेते, त्याने फुगते आणि त्या तेलकट जागेवर पुढे कोणताच रंग टिकत नाही. याच कारणाने कातडी मऊ राहावी म्हणून तिला तेल, व्हॅसलीन किंवा गाडीच्या डॅशबोर्डचे पॉलिश कधीही लावू नये. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब टाकून त्यात सुती फडके बुडवावे, घट्ट पिळावे आणि मग पुसावे. पाणी ठिबकता कामा नये. घड्यांमध्ये जुना मऊ टूथब्रश चालवावा, साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढावा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावे.

यानंतर, फक्त रंग द्यायच्या जागेपुरते, कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकदाच हलक्या हाताने पुसावे. मोबाइल दुरुस्तीचे सामान विकणाऱ्या दुकानांत ते मिळते. त्याआधी पोटाखाली किंवा बॅटरीच्या झाकणाजवळ एका लपलेल्या जागी चाचणी घ्यावी. बोळ्यावर रंग उतरला तर मूळ रंग अल्कोहोलने विरघळतो असे समजून ते वापरू नये आणि साबणावरच भागवावे. थिनर, अॅसिटोन, पेट्रोल आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांना या कामात थारा नाही. अॅसिटोन एबीएसला विरघळवते, आणि थिनरमधल्या टोल्युइनने टीपीई बघता बघता लिबलिबीत होते.

चीर आधी, रंग नंतर

कातडी फाटलेली असेल तर ती जोडल्याशिवाय रंगाला हात लावू नये. यात सर्वांत जास्त नुकसान फेविक्विकच्या जातीच्या झटपट गोंदाने होते. तो वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, त्यामुळे जोड टिकला तरी त्याच्या लगतची मऊ कातडी वाकताना तिथेच नव्याने फाटते. शिवाय त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरट धुरकट डाग पडतात. केसाएवढ्या चिरेच्या टोकाला एक टिंब लावण्यापलीकडे त्याचा उपयोग करू नये.

लवचीक जोड करण्यासाठी ठिगळ आतून लावावे लागते. जुन्या पातळ बनियनचा किंवा होजिअरीचा ताणला जाणारा तुकडा चिरेपेक्षा चारी बाजूंनी साधारण अर्धा सेंटिमीटर मोठा कापावा आणि त्याचे कोपरे गोल करावेत, म्हणजे ते पुढे उचलले जात नाहीत. चिरेच्या कडा कात्रीने सारख्या करण्याचा मोह टाळावा. फाटलेल्या कडा एकमेकींत बरोबर बसतात, कापलेल्या कडांमध्ये फट राहते. मान किंवा पाय मधल्या अवस्थेत असावा, म्हणजे कातडी ताणलेलीही नसते आणि गोळाही झालेली नसते. आता दुधाच्या रिकाम्या पिशवीचा धुऊन वाळवलेला तुकडा चिरेतून आत सरकवून यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये ठेवावा. गोंदाचा एक थेंब दात्यांत गेला तर खेळणे कायमचे लंगडे होते, आणि बहुतेक गोंद पॉलिथीनला नीट चिकटत नसल्यामुळे हा तुकडा नंतर सहज ओढून काढता येतो.

गोंद कातडीप्रमाणे निवडावा. सिलिकोनला फक्त सिलिकोनच चिकटते, म्हणून तिथे सिलिकोन सीलंट वापरावा; मात्र वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा सीलंट घेऊ नये, कारण त्यातून निघणारे अॅसेटिक आम्ल आतल्या तांब्याच्या तारा आणि जोड गंजवते. हार्डवेअरच्या दुकानात 'न्यूट्रल क्युअर' असे स्पष्ट विचारून तोच घ्यावा. पीव्हीसी आणि टीपीईसाठी चपला-बूट जोडण्याचा रबरी गोंद चालतो, पण त्यातही टोल्युइन असू शकते. म्हणून तो काडीने अगदी पातळ, कापडाला आणि कातडीला दोन्हीकडे लावावा, दहा-पंधरा मिनिटे उघडाच ठेवून त्यातला द्रव उडून जाऊ द्यावा, आणि बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही अशी अवस्था आल्यावर ठिगळ दाबून बसवावे. ओला असतानाच घाईने चिकटवले तर द्रव आत कोंडतो आणि कातडी फुगते. ठिगळ आत सरकवायला दात कोरण्याची काडी किंवा केसांची चपटी पिन सोयीची पडते. जोड एक पूर्ण दिवस हलवू नये.

रंगाची निवड

कडक कवचाला साधा अॅक्रिलिक रंग पुरतो. 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून उडालेल्या रंगाची कड सपाट करावी आणि दोन-तीन पातळ हात द्यावेत. यापेक्षा त्याबद्दल जास्त सांगण्यासारखे नाही.

मऊ व्हिनाइलवर तेलाधारित एनॅमल आणि थिनर असलेले स्प्रे रंग टाळावेत. व्हिनाइल मऊ राहण्यासाठी त्यात मिसळलेले द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते आणि असा रंग त्यामुळे महिनोन्महिने चिकटच राहतो, त्यावर धूळ बसते आणि बोटांचे ठसे उमटतात. पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग इथे बरा. कॅनव्हाससाठीचा अॅक्रिलिक घडीच्या जागी तडकतो. त्यापेक्षा कापडावर रंगकाम करण्याचे अॅक्रिलिक रंग अधिक लवचीक असतात. घराघरांत साड्या आणि उशांचे अभ्रे रंगवण्यासाठी आणलेल्या फेविक्रिलच्या बाटल्या असतातच, त्यांनी सुरुवात करायला हरकत नाही. त्या बाटल्यांवर रंग पक्का करण्यासाठी इस्त्री फिरवण्याची सूचना असते, ती अर्थातच इथे लागू नाही. गरम हवेचा ड्रायरही नको. थंड हवेवर ठेवलेला चालेल.

टीपीई रंग धरायला फार नाठाळ. याचा पृष्ठभाग रासायनिकदृष्ट्या असा असतो की पाण्याचा थेंब त्यावर पसरत नाही, गोळा होऊन बसतो, आणि पाण्याचा रंगही तसेच करतो. गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानांत बंपरसाठी प्लास्टिक प्रायमर मिळतो, त्याचा अतिशय पातळ हात आधी दिला तर अॅक्रिलिक बरेच चांगले धरते. त्यातही तीव्र द्रव असल्याने तो लपलेल्या जागी लावून एक दिवस वाट पाहावी. जागा मऊ, चिकट किंवा सुरकुतलेली झाली तर तो सोडून द्यावा. प्रायमरविना केलेले काम दिसायला ठीक दिसते, पण जिथे मुले धरून उचलतात तिथे ते काही महिन्यांत पुन्हा करावे लागेल हे गृहीत धरावे.

सिलिकोनसाठी बाजारातला कोणताही तयार चित्रकलेचा रंग चालत नाही, रंग घरीच बनवावा लागतो. पारदर्शक न्यूट्रल सीलंट काचेच्या वाटीत घेऊन त्यात मिनरल टर्पेंटाईन थोडे थोडे घालत पातळ दह्याइतके सैल करावे आणि चित्रकलेच्या तेलरंगाची नखाएवढी मात्रा मिसळावी. तेलरंग जास्त झाला तर मिश्रण नीट वाळत नाही. हे काम उघड्या गच्चीत किंवा गॅलरीत, हातमोजे घालून, गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातल्या निरांजनापासून लांब करावे, कारण टर्पेंटाईनची वाफ पेट घेते. मिश्रण अर्ध्या तासात घट्ट होऊ लागते, म्हणून थोडेच बनवावे.

इथे हवामानाचा एक गमतीचा भाग आहे. पाण्याचे रंग वाळायला कोरडी हवा लागते, म्हणून अॅक्रिलिकचे काम बडोद्यात दिवाळीपासून होळीपर्यंत सर्वांत चांगले होते. उलट सिलिकोन हवेतला ओलावा घेऊनच पक्के होते, त्यामुळे श्रावणातल्या दमट दिवसांत, जेव्हा पापडसुद्धा वाळत नाहीत, तेव्हा ते जोमाने धरते. मे महिन्यातल्या दुपारी मात्र दोन्ही टाळावे. पारा चाळिशीच्या वर असताना अॅक्रिलिक ब्रशवरच वाळू लागते.

छटा जुळवणे आणि रंग देणे

म्युझियममध्ये जुन्या चित्रांची डागडुजी करणारे जाणकार रंग गेलेल्या जागेपुरताच नवा रंग भरतात, शाबूत असलेल्या मूळ रंगावर ब्रश नेत नाहीत. हा नियम खेळण्यालाही लावावा. एक टवका उडाला म्हणून सगळी पाठ रंगवली तर पाठ आणि मान यांचा मेळ बसत नाही आणि मग सगळेच खेळणे रंगवण्याची वेळ येते.

प्लिओसारख्या प्राण्याचा हिरवा हा एक रंग नसतो. उजेडात जवळून पाहिले तर त्यात पोटाकडे पिवळसर झाक, पाठीवर करडसर हिरवा आणि खवल्यांच्या खाचांमध्ये गडद तपकिरी दिसतो. बाटलीतला हिरवा रंग या तिन्हींपेक्षा भडक असतो. त्यात काळा घालू नये, त्याने रंग मळकट होतो. अगदी थोडा लाल किंवा तपकिरी घातला की हिरवा शांत होतो. अॅक्रिलिक वाळल्यावर थोडे गडद होते, म्हणून ओला रंग इच्छित छटेपेक्षा किंचित फिकट ठेवावा. जाड कागदावर ठिपका देऊन तो पूर्ण वाळू द्यावा, मग कागद त्या जागेशेजारी धरून एकदा खिडकीच्या उजेडात आणि एकदा ट्यूबलाइटखाली पाहावा. खिडकीत जुळलेले दोन रंग दिव्याखाली वेगळे दिसू शकतात, आणि खेळणे शेवटी संध्याकाळी दिव्याखालीच जास्त पाहिले जाते.

रंग देण्यापूर्वी डोळे, नाकातील कॅमेरा, स्पीकरची भोके, चार्जिंगचे धातूचे संपर्क आणि लहान काळ्या खिडक्या मास्किंग टेपने झाकाव्यात. त्या काळ्या खिडक्यांमागे इन्फ्रारेड सेन्सर असतात आणि त्यांच्यावर पडलेल्या रंगाने खेळणे टेबलाच्या कडेवरून खाली पडते. सोनेरी, चंदेरी किंवा धातूची भुकटी असलेले रंग पाठ, डोके आणि हनुवटी या जागी वापरू नयेत. अनेक खेळण्यांत कातडीखाली स्पर्श ओळखणारे कपॅसिटिव्ह सेन्सर असतात आणि धातूच्या थराने त्यांची गडबड होते.

ब्रशने ओढलेला रंग मऊ कातडीवर रेघेसारखा दिसतो. भांडी घासण्याच्या स्पंजाचा कोपरा हाताने फाडून घ्यावा, कात्रीने कापू नये, कारण फाटलेल्या खडबडीत कडेने कातडीचा पोत बरोबर उमटतो. स्पंजावर रंग घेऊन तो आधी जुन्या वर्तमानपत्रावर टिपावा, जवळजवळ कोरडा करावा आणि मग टवक्याच्या मधल्या भागापासून कडेकडे हलके थोपटत जावे, म्हणजे कडेला रंग आपोआप विरळ होतो आणि नव्या-जुन्याची सीमा दिसत नाही. दोन हातांमध्ये अर्धा तास तरी जाऊ द्यावा. खाचांमधला गडद तपकिरी शेवटी, पाण्याने पातळ केलेला, 0 नंबरच्या ब्रशच्या टोकाने सोडावा आणि वरवर आलेला ओल्या बोटाने टिपून घ्यावा. घडीच्या जागी तळाशी अगदी कमी रंग द्यावा. तिथे जाड थर कधीच टिकत नाही आणि तसेही ती जागा सावलीत राहते.

एक दिवसाने तपासणी करावी. कातडी बोटांनी हळूच दुमडून सोडावी आणि त्या जागी सेलोटेपचा तुकडा दाबून एका झटक्यात ओढावा. टेपवर नुसती धूळ आली तर काम पक्के. रंगाचे पोपडे आले तर स्वच्छता कमी पडली किंवा रंग चुकीचा निवडला गेला, आणि त्यावर आणखी हात चढवून उपयोग नाही. निघेल तेवढा रंग काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. अॅक्रिलिक वरून किंचित चिकट लागत असेल तर मऊ ब्रशने चिमूटभर टाल्कम पावडर फिरवून जास्तीची झटकून टाकावी.

केसाळ खेळण्यांची गोष्ट वेगळी आहे. फर्बीसारख्या प्राण्यांचा कृत्रिम केस सुती कपड्यांच्या रंगाने रंगत नाही, आणि त्याला लागणारा रंग उकळत्या पाण्याचा असल्याने यंत्र आत असताना तो देता येत नाही. विटलेल्या जागी पातळ फॅब्रिक कलर कोरड्या ब्रशने केसांच्या टोकांना लावून, वाळेपर्यंत बारीक कंगव्याने विंचरत राहणे एवढेच शक्य आहे, आणि ते लांबूनच चांगले दिसते.

मुलाच्या हाती देण्यापूर्वी

खेळणे तोंडात घालण्याच्या वयाचे मूल घरात असेल तर माझा सल्ला असा, की ते मोठे होईपर्यंत रंग देऊच नये. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएस 9873 हे मानक बंधनकारक आहे आणि त्यात रंगातून बाहेर येणाऱ्या शिसे, कॅडमियम अशा धातूंवर मर्यादा आहे. घरी दिलेल्या रंगाची तशी तपासणी कोणी केलेली नसते. मोठ्या मुलांसाठीही बाटलीवर बिनविषारी असे स्पष्ट लिहिलेला रंगच घ्यावा आणि माळ्यावर सापडलेला जुना ऑइल पेंट कितीही जुळत असला तरी वापरू नये. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात 90 भागांची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या डब्यांचा भरवसा धरता येत नाही.

शेवटचा हात दिल्यावर सात-आठ दिवस खेळणे तसेच उभे ठेवावे, टेप काढून बॅटरी घालावी आणि पाठ, डोके, हनुवटी, पाय या प्रत्येक जागी हात लावून ते पूर्वीसारखा प्रतिसाद देते का हे पाहावे. एखादी जागा मंद वाटली तर तिथला रंगाचा थर जाड झाला आहे असे समजून तो थोडा उतरवावा. कपाटात ठेवताना ते वर्तमानपत्रात गुंडाळू नये, कारण मऊ व्हिनाइल शाई ओढून घेते आणि ती अक्षरे नंतर निघत नाहीत. दुसऱ्या मऊ प्लास्टिकच्या खेळण्याला टेकवूनही ठेवू नये. स्वच्छ पांढऱ्या जुन्या धोतराचा तुकडा पुरे, आणि बराच काळ ठेवायचे असेल तर बॅटरी बाहेर काढून ठेवावी.